उताराचे पाणी, उपशाचे पाणी : जालना नगरपालिका आणि दुष्काळ

जालना हे कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले शहर असून एका काठावर जुना जालना आणि दुसऱ्या काठावर पूर्वीचे कादराबाद, म्हणजे आजचा नवा जालना, अशी त्याची पूर्वापार विभागणी आहे. नदी शहराच्या मधून वाहत असली तरी ती पावसाळ्यापुरतीच वाहते, जमिनीखाली पाणी फारसे धरून न ठेवणारा काळा पाषाण आहे आणि वर्षाचा सरासरी पाऊस साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर इतकाच पडतो. अशा ठिकाणी व्यापारी पेठ वाढवायची म्हणजे पाणी अडवून किंवा बाहेरून आणून साठवणे अपरिहार्य होते, आणि ते जालन्यात गेली चारशेहून अधिक वर्षे या ना त्या रूपाने होत आले आहे. या दीर्घ इतिहासात एक गोष्ट वारंवार दिसते : पाण्याची मोठी साधने बहुधा शहराबाहेरच्या सत्तेने किंवा वरच्या शासनाने उभारली, ती चालवण्याचा खर्च मात्र स्थानिक संस्थेच्या पदरी आला. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना नगरपालिकेची जी कोंडी झाली, तिचा उगम त्या एका वर्षाच्या अवर्षणात जितका होता, त्याहून अधिक या जुन्या वाटणीत होता.

जालन्याच्या ज्ञात पाणीव्यवस्थेचा आरंभ अहमदनगरच्या निजामशाहीत होतो. सोळाव्या शतकात येथील कारभार पाहणाऱ्या जमशेदखानाने काळी मशीद, हमामखाना आणि सराई यांच्याबरोबर शहराच्या पश्चिमेला मोती तलाव बांधला आणि तेथून जमिनीखालच्या नळांनी गावातील हौदांपर्यंत पाणी आणले. अशा भूमिगत जलवाहिनीला नहर म्हणतात, आणि पुढे सतराव्या शतकात मलिक अंबराने खडकी येथे, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत, बांधलेली नहर-ए-अंबरी हे तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. नहरीचे तत्त्व साधे आहे. उंचावरचे पाणी उताराने सखल भागात येते, त्याला बैल, वाफ किंवा वीज लागत नाही, आणि म्हणून बांधकामाचा खर्च एकदा झाला की पुढे लागतो तो केवळ गाळ काढण्याचा आणि फुटके नळ सांधण्याचा. परंतु हा किरकोळ वाटणारा खर्च करणारी कायमची यंत्रणा राहिली नाही, तेव्हा जालन्याची ही व्यवस्था बंद पडली. मोती तलाव शिल्लक राहिला आणि आता तो गणेशविसर्जनासाठी अधिक ओळखला जातो.

दरम्यानच्या काळात शहराची श्रीमंती वाढत गेली होती. अकबराच्या काळात जालना त्याच्या एका सरदाराकडे जहागिरीत होते आणि अबुल फझल काही काळ येथे राहिला होता, १६७९ च्या अखेरीस शिवाजी महाराजांनी आपल्या शेवटच्या मोठ्या मोहिमेत ही पेठ लुटली, आणि ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आजही लोकांच्या तोंडी आहे. अठराव्या शतकात पहिल्या आसफजाहाच्या, म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या, आज्ञेने काबिलखानाने कुंडलिकेजवळ मस्तगड हा किल्ला बांधला. त्याचे बांधकाम १७२५ च्या सुमाराचे असून आत दालने आणि सज्जे असलेली एक वैशिष्ट्यपूर्ण विहीर आहे. पुढे याच गडात नगरपालिकेचे कार्यालय आले, आणि किल्ल्याच्या बुरुजांमागे नळपट्टीचा हिशोब होऊ लागला, हा योगायोग तसा मनोरंजक आहे, परंतु त्यातून स्थानिक संस्थेच्या सामर्थ्याविषयी गैरसमज करून घेण्याचे कारण नाही.

जालना ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे स्थानिक स्वराज्य ही कल्पना उशिरा आणि हातचे राखून आली. इंग्रजी मुलखात १८८२ च्या रिपनच्या ठरावानंतर नगरपालिकांना लोकनियुक्त सभासद मिळू लागले, तर निजामाच्या राज्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे आकारलेल्या स्थानिक उपकराच्या निधीतून, ज्याला लोकल फंड म्हणत, सरकारी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली रस्ते, दिवाबत्ती आणि सफाई चाले. जालन्याला १८२७ पासून इंग्रजी छावणी होती आणि १९०० च्या सुमारास मनमाडहून निजामाच्या राजधानीकडे जाणारी रेल्वे आली, त्यामुळे सरकी काढण्याचे आणि कापूस दाबण्याचे कारखाने उभे राहिले. वीस हजारांच्या आसपास वस्तीचे हे गाव हळूहळू फुगू लागले आणि आड, बारवा व नदीपात्रातील झरे यांवर त्याचे भागेनासे झाले.

यावर आसफजाही राजवटीच्या उत्तरार्धात, विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात, घाणेवाडीचा तलाव हा उपाय निघाला. शहराच्या वरच्या अंगाला घाणेवाडी गावाजवळ कुंडलिकेचे पाणी अडवून केलेला हा जलाशय, ज्याला नंतर संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले, जालन्याच्या दृष्टीने अनेक अर्थांनी उत्तम ठरला. तो शहरापेक्षा उंचावर असल्याने पाणी नळातून उताराने येते, तो शहराच्या जवळ असल्याने जलवाहिनी लांबत नाही, आणि त्याची मालकी स्थानिक संस्थेकडे असल्याने पाणी कोणाकडे मागावे लागत नाही. जमशेदखानाच्या नहरीचेच तत्त्व येथे आधुनिक साधनांनी अमलात आले होते, आणि त्या नहरीचाच दोषही येथे होता. तलावात दर पावसाळ्यात गाळ येतो, तो काढला नाही तर साठा आक्रसत जातो, आणि गाळ काढण्याचा खर्च डोळ्यांत भरत नसल्यामुळे कोणत्याही अंदाजपत्रकात तो सहज मागे पडतो. नव्या कामाला उद्घाटन असते, गाळाला नसते.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान विलीन झाले, नोव्हेंबर १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. नगरपालिकांच्या बाबतीत हैदराबादचा १९५६ चा जिल्हा नगरपालिका कायदा काही वर्षे चालला आणि नंतर राज्यभर महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ लागू झाला. जालन्याच्या पुढील सर्व निर्णयांची चौकट या कायद्याने घालून दिली असल्यामुळे तिची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. लोकांनी निवडलेले सदस्य सर्वसाधारण सभेत ठराव करतात, अंदाजपत्रक मंजूर करतात आणि कराचे दर ठरवतात. त्या ठरावांची अंमलबजावणी राज्य शासनाने नेमलेला मुख्याधिकारी करतो. कलम ३०८ अन्वये जिल्हाधिकारी एखाद्या ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतो. एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या नगरपरिषदेला ‘अ’ वर्ग मिळतो, आणि जालना त्या वर्गात होते. पाणी देणे हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य मानले गेले, म्हणजे ते टाळण्याची मुभा तिला नाही, मात्र मोठी पाणीयोजना आखणे, तिला तांत्रिक मान्यता देणे आणि तिचा पैसा उभा करणे ही कामे राज्याच्या यंत्रणेकडे, म्हणजे पुढे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेकडे आणि नगरविकास विभागाकडे राहिली.

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याचे समाजजीवन ढवळून काढले, परंतु त्याची स्मृती आणि त्यातून जन्मलेली धोरणे मुख्यतः ग्रामीण राहिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडण्याची कामे या सर्वांचा केंद्रबिंदू शेतकरी आणि शेतमजूर होता, आणि ते योग्यच होते. परंतु दुष्काळ म्हणजे पिकांचा दुष्काळ हे समीकरण त्यातून प्रशासनात इतके रुजले की शहराच्या पाण्याची आपत्ती मोजण्याचे मापच तयार झाले नाही. दुष्काळ जाहीर करण्याची प्रदीर्घ काळ चालत आलेली पद्धत पैसेवारीची होती. गावातील पिकाचा उतारा प्रमाण उताऱ्याच्या तुलनेत किती आला हे पैशांत मांडायचे आणि तो पन्नास पैशांहून कमी भरला की गाव टंचाईग्रस्त समजायचे. शहराच्या नळाची पैसेवारी काढण्याची सोय कोणत्याही नियमावलीत नव्हती.

याच काळात जालन्याचे स्वरूप पालटत होते. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि त्या क्षेत्रातील कामगिरीबद्दल त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. औद्योगिक वसाहतीत सळया तयार करणाऱ्या पोलाद गिरण्या वाढल्या. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर कार्यालये, न्यायालये आणि नोकरदार वर्ग आला. शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे १ लाख ७५ हजार, २००१ मध्ये २ लाख ३६ हजार आणि २०११ मध्ये २ लाख ८५ हजार झाली. घाणेवाडीचा तलाव मात्र यातील फार लहान वस्तीसाठी बांधलेला होता, आणि गाळामुळे तो तितकाही राहिला नव्हता.

पाण्याचा दुसरा स्रोत दक्षिणेला होता. पैठण येथे गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाची पायाभरणी ऑक्टोबर १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी केली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नाथसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयाची क्षमता १०२ अब्ज घनफूट असून त्यापैकी सुमारे २६ अब्ज घनफूट हा मृत साठा, म्हणजे धरणाच्या नेहमीच्या दारांच्या पातळीखाली राहणारे पाणी, आहे. धरणाचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतून जातो, त्यामुळे जालना जिल्ह्यातील गोदाकाठची शेती ओलिताखाली आली, ऊस वाढला आणि साखर कारखाने निघाले. जिल्ह्याचे मुख्य शहर मात्र या पाण्याला मुकले, याचे कारण भूगोलात होते. नाथसागराची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १,५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर, आहे आणि जालना त्याहून उंच, पाचशे मीटरच्या आसपास वसलेले आहे. कालव्याचे पाणी उताराने शेतात जाते, ते पठारावरच्या शहरात उताराने येऊ शकत नाही. ते पंपाने चढवावे लागते, आणि चढवलेल्या प्रत्येक लिटरमागे विजेचे देणे उभे राहते.

जायकवाडीतून पाणी उपसण्याआधी गोदावरीचे पाणी अंबड तालुक्यातील शहागडजवळून उपसून जालन्याला आणण्याची योजना झाली होती. शहागडला गोदावरीचे पात्र मोठे असले तरी ते धरणाच्या खालच्या अंगाला आहे, आणि वरून पाणी सोडले नाही तर पावसाळ्यानंतर त्यात डोहांपलीकडे फारसे काही उरत नाही. लांबलेल्या जलवाहिनीची गळती, वाटेतील अनधिकृत नळजोडण्या आणि उपशाचे वीजबिल या तिन्हींचा भार नगरपालिकेवर पडला. येथेच तिच्या अर्थकारणातील दुबळेपणा उघडा पडतो. नगरपालिकांचे सर्वांत मोठे आणि रोख उत्पन्न जकातीचे, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरील कराचे, असे. सरकी, धान्य, भुसार आणि लोखंड यांची मोठी उलाढाल असलेल्या जालन्यासारख्या पेठेला हा कर विशेष फलदायी होता. १९९९ मध्ये राज्य शासनाने नगरपरिषद क्षेत्रातील जकात रद्द केली आणि तिच्या बदल्यात सहायक अनुदान सुरू केले. व्यापाऱ्यांची नाक्यावरील अडवणूक थांबली, ही त्या निर्णयाची चांगली बाजू नाकारता येत नाही, परंतु पेठेची वाढ आणि पालिकेचे उत्पन्न यांचा थेट संबंध त्या दिवशी तुटला. अनुदान बहुतांशी कर्मचाऱ्यांच्या पगारात जाई, आणि पाणीपट्टी वाढवण्याचा ठराव सभेत आला की तो पुढे ढकलण्यावर सत्ताधारी व विरोधक यांचे एकमत होण्यास वेळ लागत नसे. पंधरवड्यातून एकदा येणाऱ्या पाण्याची वर्षाची पट्टी का भरायची, हा नागरिकांचा प्रश्न रास्त होता. पट्टी भरली नाही तर वीजबिल कशातून द्यायचे, हा मुख्याधिकाऱ्याचा प्रश्नही तितकाच रास्त होता.

२०१२ चा पावसाळा जालना जिल्ह्यात सरासरीच्या निम्म्याच्या आसपास आला. आधीच्या वर्षीही पाऊस बेताचाच झालेला असल्यामुळे विहिरींना आधार उरला नव्हता. हिवाळ्यातच मोसंबीच्या बागा वाळू लागल्या, आणि मोसंबी हे वर्षानुवर्षे जपावे लागणारे झाड असल्याने ते तोडून सरपण करणे म्हणजे पुढील अनेक वर्षांचे उत्पन्न गमावणे होते. जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या, केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांचे लक्ष वारंवार या जिल्ह्याकडे वेधले गेले, आणि राज्यातील त्या वर्षीच्या अवर्षणाचा उल्लेख झाला की जालन्याचे नाव प्रथम येऊ लागले. शहरात घाणेवाडीचा तलाव कोरडा पडला. काही भागांत नळाला पंधरा-पंधरा दिवस आणि त्याहूनही अधिक काळ पाणी येत नसे, आणि घरोघरी अंगणात निळे ड्रम व सिंटेक्सच्या टाक्या हे गृहस्थीचे मुख्य साधन बनले.

शासनाची दुष्काळ निवारणाची पद्धत या वेळी शहराला किती अपुरी पडली हे तपशिलात पाहण्यासारखे आहे. टंचाई कृती आराखडा, म्हणजे कोणत्या गावाला कोणत्या महिन्यात काय उपाय लागेल याची जिल्हाधिकाऱ्यांनी मंजूर करायची यादी, ऑक्टोबरपासून जूनपर्यंत तीन टप्प्यांत तयार होते. त्यात विहीर अधिग्रहण, विंधन विहिरींची दुरुस्ती, तात्पुरती पूरक नळयोजना आणि शेवटी टँकर अशी उपायांची चढती पायरी असते. ग्रामीण भागात टँकरने दरमाणशी दररोज वीस लिटर पाणी देण्याचे प्रमाण धरले जाई, तर भुयारी गटार असलेल्या शहरासाठी नियोजनाचे प्रमाण एकशे पस्तीस लिटरचे आणि गटार नसलेल्या शहरासाठी सत्तर लिटरचे आहे. अर्थात कागदावरील प्रमाण आणि हंड्यातील पाणी यांचा त्या वर्षी जालन्यात संबंध राहिला नव्हता. दुष्काळ जाहीर झाल्यावर मिळणाऱ्या नेहमीच्या सवलतींमध्ये जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात साडेतेहतीस टक्के सवलत, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी आणि थकबाकीसाठी शेतीपंपाची वीज न तोडणे यांचा समावेश होतो. ही यादी शेतकऱ्याला समोर ठेवून केलेली आहे आणि तिच्यात कृषिपंपाचा उल्लेख आहे, शहराला पाणी चढवणाऱ्या नगरपालिकेच्या पंपाचा नाही. ज्या पंपावर पावणेतीन लाखांहून अधिक लोक अवलंबून होते तो पंप अशा रीतीने दुष्काळाच्या व्याख्येबाहेर राहिला.

ही पोकळी बाजाराने भरून काढली. पत्रकार पी. साईनाथ यांनी मार्च २०१३ मध्ये ‘द हिंदू’ या दैनिकात लिहिलेल्या वृत्तलेखात एकट्या जालना शहरात खासगी टँकरमालकांची पाणीविक्रीची उलाढाल दररोज साठ ते पंच्याहत्तर लाख रुपये असल्याचा अंदाज दिला होता. हा आकडा अंदाजच असला तरी त्याचे प्रमाण पाहण्यासारखे आहे, कारण जे नागरिक वर्षाची नळपट्टी थकवत होते तेच नागरिक याच पाण्यासाठी महिन्याकाठी तिच्या कितीतरी पट रक्कम रोख मोजत होते. टँकर भरण्याच्या विहिरी आणि कूपनलिका शहराच्या परिघावर होत्या, त्यांचे मालक, वाहतूकदार आणि टाक्या बनवणारे कारखानदार यांची एक साखळीच तयार झाली, आणि जमिनीखालचे उरलेसुरले पाणी अधिकाधिक खोलवरून उपसले गेले. सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास बंदी घालणारा आणि टंचाईत जिल्हाधिकाऱ्यांना उपसा थांबवण्याचे अधिकार देणारा महाराष्ट्र भूजल अधिनियम १९९३ पासून अस्तित्वात होता. परंतु विहिरी बंद केल्या तर टँकरही बंद होणार आणि टँकर बंद झाले तर शहरच बंद पडणार, हे उघड असल्यामुळे हा अधिकार कठोरपणे वापरणे कोणत्याही अधिकाऱ्याला शक्य नव्हते.

नैसर्गिक आपत्तीनंतरची पुनर्बांधणी म्हटली की १९६१ च्या पानशेत फुटीनंतरचे पुणे किंवा १९९३ च्या भूकंपानंतरचे किल्लारी डोळ्यांपुढे येते, जेथे नवी घरे आणि नव्या वसाहती उभ्या राहिल्या. दुष्काळाने घर पडत नाही, म्हणून त्याची पुनर्बांधणी दिसत नाही. जालन्यात ती दोन निरनिराळ्या दिशांनी झाली, आणि त्या दोन दिशा म्हणजेच उताराचे पाणी आणि उपशाचे पाणी. पहिली दिशा घाणेवाडीची. शहरातील उद्योजक, व्यापारी आणि डॉक्टर यांच्या पुढाकाराने काम करणाऱ्या घाणेवाडी जलसंरक्षण मंचाने लोकवर्गणीतून यंत्रे लावून तलावाचा गाळ काढण्याचे काम हाती घेतले, आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी तो गाळ स्वखर्चाने वाहून नेऊन आपल्या हलक्या जमिनीत पसरला. कोरडा तलाव ही गाळ काढण्याची सर्वोत्तम वेळ असते, त्यामुळे ज्या आपत्तीने तलाव आटवला तिनेच तो खोल करण्याची संधी दिली. कुंडलिकेच्या पात्रातही खोलीकरण आणि बंधाऱ्यांची कामे झाली. शेतकऱ्याने गाळ नेण्याचा भार उचलावा, हे या कामाचे गमक राज्य शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेत स्वीकारले. या सर्वांत तलावाची मालक असलेली नगरपालिका परवानगी देणारी आणि पाहणारी राहिली, ही गोष्ट तिच्या कारभाराविषयी बरेच काही सांगते. तलाव तिचा, पाणी तिचे, आणि दरवर्षी करायचे देखभालीचे काम मात्र लोकांनी वर्गणी काढून करायचे, असा हा व्यवहार होता.

दुसरी दिशा जायकवाडीची. नाथसागरातून पाणी उपसून, अंबडमार्गे नेऊन, जालन्यापर्यंत चढवण्याची योजना दुष्काळाच्या आधीपासून रेंगाळत होती, ती या आपत्तीच्या दडपणाखाली २०१३ साली पूर्णत्वास गेली. इतक्या मोठ्या योजनेचा भांडवली खर्च ‘अ’ वर्गाच्या नगरपालिकेच्या आवाक्याबाहेरचा असतो. केंद्राने २००५ च्या अखेरीस लहान व मध्यम शहरांसाठी आखलेल्या पायाभूत सुविधा योजनेत ऐंशी टक्के केंद्राचे, दहा टक्के राज्याचे आणि दहा टक्के स्थानिक संस्थेचे असे सूत्र होते, आणि अशा सूत्रांमुळे शहरांना मोठ्या योजना घेणे शक्य झाले. परंतु हे सूत्र बांधकामाचे आहे. योजना सुरू झाल्यावर पंपांची वीज, जलशुद्धीकरणाची रसायने, फुटणाऱ्या वाहिन्यांची दुरुस्ती आणि जलसंपदा विभागाला धरणातून उचललेल्या पाण्यासाठी द्यायचा आकार, हा सगळा खर्च शंभर टक्के नगरपालिकेचा. महावितरणच्या थकबाकीचा विषय म्हणूनच जालन्याच्या सभागृहात कधी जुना झाला नाही.

शिवाय नाथसागराचे पाणी जालन्याच्या मालकीचे नव्हते. २०१२-१३ मध्ये धरणाचा उपयुक्त साठा संपून मृत साठ्यावर वेळ आली, तेव्हा नाशिक आणि नगर जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून आंदोलने आणि याचिका झाल्या. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात नदीखोऱ्यातील धरणांचे पाणी टंचाईच्या वर्षी समन्यायी तत्त्वाने वाटण्याची तरतूद होती. या वाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला की १५ ऑक्टोबरला जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरच्या धरणांतून ठरावीक प्रमाणात पाणी सोडावे, आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. जालन्याच्या नळाला पाणी येणार की नाही हे अशा रीतीने मस्तगडातील सभागृहाबरोबरच दारणा, मुळा आणि भंडारदरा या धरणांवर आणि मुंबईतील न्यायासनापुढे ठरू लागले. घाणेवाडीच्या लहानशा तलावात आणि नाथसागरात हाच मोठा फरक होता.

२०१५-१६ मध्ये पुन्हा अवर्षण आले आणि नाथसागर पुन्हा मृत साठ्यावर गेला. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटल्यामुळे लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली जलदूत गाडी लातुरात पोहोचली. लातूर तेव्हा महानगरपालिका होती आणि जालना नगरपालिका, म्हणजे संस्थेच्या दर्जाने पाण्याचा प्रश्न सुटत नाही हे त्या वर्षी पुरेसे स्पष्ट झाले होते. जालन्यावर रेल्वेची वेळ आली नाही, कारण मृत साठा म्हटला तरी नाथसागराच्या तळाशी असलेले पाणी एका शहराच्या गरजेच्या मानाने प्रचंड असते आणि ते उपसण्याची वाहिनी आता तयार होती. २०१३ मध्ये घाईने पूर्ण झालेल्या योजनेचा हा लाभ प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे.

पाणी शहरापर्यंत आले, तरी ते घरापर्यंत रोज पोहोचले नाही. शहराच्या आतील वाहिन्या जुन्या, गळक्या आणि वाढलेल्या वस्तीला न पुरणाऱ्या होत्या, उंच टाक्या अपुऱ्या होत्या, आणि एकेका भागाला पाळी लावून पाणी सोडण्याची पद्धत तशीच चालू राहिली. नव्या जालन्याचा मुख्य आधार घाणेवाडी आणि जुन्या जालन्याचा जायकवाडी अशी विभागणी होऊन नदीच्या दोन काठांची जुनी ओळख पाण्यातही उतरली. अंतर्गत जलवाहिन्या बदलण्याचे काम हाती घेण्यात आले. २०१६ च्या अखेरीस थेट जनतेतून झालेल्या निवडणुकीत संगीता गोरंट्याल नगराध्यक्षा झाल्या, आणि त्या सभागृहाचा बराचसा काळ या वाहिन्यांसाठी खोदलेल्या रस्त्यांच्या तक्रारींत गेला. २०२१ च्या अखेरीस मुदत संपल्यावर निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला, म्हणजे पाणीपट्टीसारखे अप्रिय निर्णय घेण्याचे अधिकार अशा व्यक्तीकडे आले जिला मतदारांना सामोरे जायचे नव्हते.

२०२३ मध्ये राज्य शासनाने जालना नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर केले आणि ती राज्यातील २९वी महानगरपालिका ठरली. १९६५ च्या अधिनियमाऐवजी १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू झाला आणि मुख्याधिकाऱ्याच्या जागी आयुक्त आले. मालमत्तांचे नवे मूल्यांकन, वाढीव पदे आणि मोठे अंदाजपत्रक यांची दारे उघडली. नव्या संस्थेला वारशात घाणेवाडीचा तलाव, पैठणपासूनची वाहिनी, अर्धवट बदललेले अंतर्गत नळ, नळपट्टीची थकबाकी आणि महावितरणचे देणे असे सगळे मिळाले, आणि नाथसागराच्या पाण्यावरील तिचा हक्क मात्र पूर्वीप्रमाणेच दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर अवलंबून राहिला.